ट्रॅप होता, मोजणारा नव्हता: बार्देशातील एका फिश-थाळी हॉटेलचे प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. उत्तर गोव्यात म्हापशाहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अशी हॉटेले ओळीने आहेत आणि त्यांच्या मागच्या अंगणांत स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचे जे होते ते थोड्याफार फरकाने सारखेच असते. त्यातून एक हॉटेल उभे केले आहे. माणसे आणि वाडा ओळखू येणार नाहीत. आकडे मात्र गणिताला धरून आहेत.

हॉटेल आणि त्याचे अंगण

दोडामार्गाकडून येऊन बार्देशात स्थिरावलेल्या दोघा भावांचे हॉटेल. थोरला गल्ल्यावर, धाकटा बाजारहाट आणि परवाने बघणारा, स्वयंपाकघर थोरल्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातात. सुरुवात २४ खुर्च्यांच्या खाणावळीने झाली: दुपारी फिश करी-राईस, रात्री बंद. पुढे शेजारचा गाळा मिळाला, खुर्च्या ६० झाल्या, रात्रीचे जेवण सुरू झाले, पार्सल वाढले. रवा लावलेले बांगडे-इसवण तव्यावर भाजणे पुरेना म्हणून फ्रायर आला. भांडी घासायला एका सिंकच्या जागी तीन झाली. या सगळ्या वाढीत एक वस्तू होती तिथेच राहिली: सिंकखालचा ४० लिटरचा स्टीलचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातली चरबी अडवणारा डबा.

तो बसवला तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज करायचा होता. सल्लागाराने आराखड्यावर एक चौकोन काढून त्यात ‘ग्रीस ट्रॅप’ लिहिले, प्लंबरने बाजारात मिळाला तो डबा आणून जोडला. आत बॅफल (पाणी अडवणारी पट्टी) होते, झाकण घट्ट बसत होते, वस्तू म्हणून त्यात काही खोट नव्हती. जल अधिनियम १९७४ च्या कलम २५ खालची संमती मिळाली. कागद फ्रेम होऊन गल्ल्यामागे लागला आणि ट्रॅप हा विषय घरच्यांपुरता संपला.

हा भाग सांडपाण्याच्या वाहिनीच्या बाहेरचा. पणजीत दारातल्या चेंबरला जोडणी मिळते, तशी सोय इथे नाही. शौचालयाचे पाणी सेप्टिक टाकीतून आणि स्वयंपाकघराचे ट्रॅपमधून, दोन्ही शेवटी एकाच सोकपिटात. सोकपिट म्हणजे चिऱ्यांचा, सांधे न भरलेला, दहा फूट खोल शोषखड्डा. पन्हळीचे पावसाचे पाणीही कोणीतरी सोयीसाठी त्याच चेंबरमध्ये सोडलेले. सोकपिटापासून १२ मीटरवर शेजारच्या काकींची विहीर.

जूनमध्ये काय झाले

पहिल्या मोठ्या सरीनंतर मागचे चेंबर उलटे वाहू लागले. तीन दिवसांनी शौचालयाचे पाणी उतरेना. धाकट्याने टँकर बोलावून सेप्टिक टाकी उपसून घेतली. चार दिवसांत पुन्हा तेच. याच सुमारास काकींना विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला आणि त्यांनी पंचायतीत अर्ज दिला की हॉटेलवाल्यांचे तेल माझ्या विहिरीत उतरले आहे. पंचायतीने आरोग्य केंद्राला कळवले, तिथला निरीक्षक येऊन पाहून गेला, अर्जाची प्रत मंडळाच्या साळगावच्या कार्यालयात पोचली आणि तिथून नोटीस आली.

धाकट्याचे उत्तर तयार होते. “ट्रॅप आहे आमच्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला साफ करतो. वहीत सही आहे.”

वहीत सही खरेच होती. खोटी नव्हती. प्रत्येक एक तारखेला झाकण निघत होते, वरची साय काढली जात होती, झाकण बसत होते. एवढी इमानदार वही मी फार थोड्या हॉटेलांत पाहिली आहे, आणि तरीही सोकपिट मेला होता. म्हणून हे प्रकरण लिहिण्याजोगे वाटते.

आधी तवंग

जांभ्या दगडात लोह भरपूर असते. त्या लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर विहिरीवर किंवा डबक्यावर पसरला की तो थेट तेलासारखा चकाकतो. ओळखायची रीत सोपी आहे: काठीने ढोसले की जिवाणूंचा थर काचेसारखा फुटतो आणि त्याचे तुकडे तसेच तरंगत राहतात; तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा जुळून येतो. काकींच्या विहिरीवरचा फुटला आणि फुटलेलाच राहिला.

धाकट्याचा चेहरा उजळला, पण थोडाच वेळ. पाण्याच्या तपासणीत मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, निघाले. काकींनी दाखवलेला पुरावा चुकीचा होता, तक्रार बरोबर होती. हॉटेलचे पाणी विहिरीकडे जात होते, फक्त ते तेल नव्हते, त्याहून वाईट होते.

तेलाचा दोष इथे एक पायरी मागे आहे. ट्रॅपमधून निसटलेली चरबी सोकपिटात उतरते, चिऱ्यांवर आणि मागच्या मातीवर बसते, तिच्यावर जिवाणूंचा चिकट थर धरतो. आधी तळ बंद होतो, मग खालच्या भिंती. पाण्याला मुरायला जागा उरत नाही, तसे ते वर वर चढते. ऑक्टोबर ते मे या हंगामात हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वरच्या कोरड्या मातीत पाणी कसेबसे जिरत राहते. जूनमध्ये भूजल वर येते, पन्हळीचे पाणी चेंबरमध्ये कोसळते आणि सोकपिट काठोकाठ भरतो. जांभ्यातल्या लांब पोकळ्यांतून हे पाणी गाळले न जाताच शेजारच्या विहिरीपर्यंत पोचते. स्वयंपाकघर आणि शौचालय एकाच खड्ड्यात सोडल्यामुळे चरबीने केलेल्या तुंबाऱ्यातून मैल्याचे पाणी बाहेर पडले.

मोठ्या शहरांत ग्रीस ट्रॅपचा धाक असतो तो पालिकेच्या नळासाठी. चरबी तिथे सार्वजनिक वाहिनीत जाऊन घट्ट होते आणि ती काढायचा खर्च सगळ्यांवर पडतो. वाहिनी नसलेल्या गोव्याच्या गावात ती स्वतःच्याच अंगणात बसते. चरबीने मेलेला सोकपिट धुऊन पुन्हा चालू होत नाही. बहुतेक वेळा दुसरीकडे नवा खणावा लागतो, आणि बार्देशात आता रिकामे अंगण कोणाकडे आहे? हॉटेलवाल्यांना मी मंडळाची भीती घालत नाही, सोकपिटाची घालतो. ती लवकर पटते.

४० लिटर म्हणजे किती सेकंद

ट्रॅपचे काम एका वाक्यात मावते: पाणी इतके सावकाश आणि थंड होऊ द्यायचे की चरबी वर येईल, गाळ खाली बसेल आणि मधले पाणी बाहेर जाईल. बॅफल पाण्याचा वेग मोडते, बाहेरचा नळ वरून नव्हे तर पाण्याच्या पोटातून पाणी घेतो. सगळी करामत वेळेची आहे.

आता या हॉटेलचे तीन सिंक. प्रत्येक ५० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ३० खोल, म्हणजे साडेसदुसष्ट लिटर. तिन्ही मिळून सुमारे २०० लिटर. पाऊण भरलेले धरले तर १५० लिटर. दुपारी अडीचला भांडेवाला तिन्ही बुचे एकदम काढतो आणि पाणी दोन मिनिटांत उतरते. मिनिटाला ७५ लिटर. चाळीस लिटरच्या ट्रॅपमध्ये पाणी फार तर ३२ सेकंद थांबते, तेही ट्रॅप पूर्ण रिकामा असेल तर.

तो रिकामा नव्हता. १७ तारखेला, म्हणजे साफसफाई होऊन पंधरवडा उलटल्यावर, झाकण काढले. वर वीतभर चरबी, तळाला शिते, रवा, मासळीचे काटे आणि खोबऱ्याचा चोथा. मध्ये पाण्याला वाट चार बोटे. त्या वाटेने पाणी धावतच जाणार, आणि धावत्या पाण्यातून चरबी वेगळी होत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ट्रॅप साफ होता. पहिले चार-पाच दिवस तो काम करत असावा. उरलेले पंचवीस दिवस तो नळाचा फुगीर भाग होता, इतकेच.

साफसफाईही अर्धीच होत होती. वरची साय काढून घ्यायची, तळाचा गाळ तसाच. घाण वास येतो म्हणून तळाला हात लागत नसे, हे भांडेवाल्याने न लपवता सांगितले. त्याला दोष देता येत नाही. तळ साफ करायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

नारळाचा हिशेब

ग्रीस ट्रॅपवरची बहुतेक माहिती बर्गर आणि बेकनच्या देशांतून येते. गोव्याच्या स्वयंपाकघरात चरबी वेगळ्या वाटेने येते, आणि इथे वहिनींचे बोलणे सगळ्यांत उपयोगी पडले.

खोबरेल सुमारे २४ अंशांना थिजते. म्हणजे मे महिन्यात ते नळातून पातळ वाहत जाते आणि जानेवारीच्या पहाटे त्याच नळात घट्ट होते. हंगाम ऐन भरात असताना नळ अरुंद होत जातो. एवढे तरी समजायला सोपे आहे.

खरा चोर हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली माशांची कडी (करी). नारळाच्या रसातली चरबी सुटी नसते; ती बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळलेली असते आणि रसातली प्रथिने तिला तशीच धरून ठेवतात. तळणीचे तेल ट्रॅपमध्ये पटकन वर येते. ताटात उरलेली कडी मात्र तशीच्या तशी पार निघून जाते, त्यात भांड्यांचा साबण मिसळला तर आणखीच. वहिनी धाकट्याला म्हणाल्या, “भावजी, तळणीच्या तेलाकडे तुमचे लक्ष, कारण ते विकत आणावे लागते. ताटातली कडी रोज दोन-तीन बादल्या जाते ती कोण बघतो?”

बरोबर होते. उरलेली कडी ट्रॅपच्या भरवशावर सोडता येत नाही, ती सिंकपर्यंत पोचूच द्यायची नाही. आधी ताट-वाट्या खरकट्याच्या डब्यात निथळायच्या, रबरी पट्टीने पुसायच्या, मग सिंक. डब्यातला ओला कचरा पंचायतीच्या ओल्या कचऱ्याबरोबर जातो. या एका बदलाने ट्रॅपवरचा भार जेवढा उतरला तेवढा कुठल्याही यंत्राने उतरला नसता, असे माझे मत आहे.

दोन घातक सवयीही सापडल्या. रात्री बंद करताना उकळते पाणी ओतून ‘नळ मोकळा’ करणे ही पहिली. त्याने ट्रॅपमधली चरबी वितळते, ट्रॅप ओलांडते आणि पुढे सोकपिटात थिजते. दुसरी, फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली ‘ट्रॅप आपोआप साफ करणारी’ बाटली. चरबी पाण्यात विरघळल्यासारखी दिसते खरी, पण साबणासारखे द्रव्य तिला फक्त बारीक करून पुढे ढकलते. जिवाणूंच्या पावडरी याहून बऱ्या, तरी झाकण उघडून गाळ काढण्याला त्या पर्याय नव्हेत. बाटली मी बंद करायला लावली.

नियम काय म्हणतो

धाकट्याचा प्रश्न सरळ होता: “साफ किती दिवसांनी करायचा ते कायद्यात लिहिलंय का?”

कायदा दिवस मोजत नाही, बाहेर पडणारे पाणी मोजतो. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत तेल आणि ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा आहे: नदी-नाल्यात सोडायचे तर लिटरला १० मिलिग्रॅम, सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे तरी १०, सार्वजनिक मलवाहिनीत २०, किनाऱ्याच्या समुद्रात २०. संमतीपत्रातल्या अटी हॉटेलला वैयक्तिकरीत्या लागू असतात, म्हणून फ्रेममधला कागद बाहेर काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यावर खुर्च्या २४ होत्या. ६० खुर्च्यांसाठी सुधारित संमती घेतलेलीच नव्हती. ट्रॅपची चूक तांत्रिक. ही सरळ कागदोपत्री चूक, आणि नोटिशीला उत्तर देताना हीच जड गेली.

नमुन्याबद्दल एक बारीक गोष्ट. धाकट्याने आधीच एका प्रयोगशाळेत पाणी देऊन आणले होते आणि अहवाल झकास होता. पाणी नेले होते मिनरल वॉटरच्या बाटलीत. तेल प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकटते; तपासणीला नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत, आम्ल घालून द्यावा लागतो. शिवाय नमुना सकाळी नऊला घेतलेला, तेव्हा सिंक कोरडे. दुपारी अडीचला, काचेच्या बाटलीत घेतलेल्या नमुन्याचा आकडा मर्यादेच्या कित्येक पट निघाला.

साफसफाई कधी करायची याला कामाचा निकष आहे तो अमेरिकन नगरपालिकांनी रूढ केलेला चौथाईचा: वरची चरबी आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या उंचीचा चौथा हिस्सा झाला की ट्रॅप पूर्ण उपसायचा. आपल्याकडे तो सक्तीचा नाही. पण यापेक्षा शहाणा निकष माझ्या पाहण्यात नाही, कारण तो तारीख विचारत नाही, ट्रॅपलाच विचारतो.

काय बदलले

सिंकखालचा डबा काढला. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराबाहेर, दोन कप्प्यांची १,००० लिटरची टाकी बसली. हिशेब असा: गर्दीच्या तासात स्वयंपाकघरातून सुमारे १,५०० लिटर पाणी येते. टाकीचा चौथा हिस्सा चरबी-गाळाने भरलेला धरला तरी ७५० लिटर जागा उरते, म्हणजे पाण्याला अर्धा तास मिळतो. चौथाईपलीकडे गेले की अर्धा तास मोडतो. टाकीचे माप आणि साफसफाईचा निकष असे एकमेकांना बांधलेले आहेत, हे समजले तेव्हा थोरल्याने पहिल्यांदा या विषयात रस घेतला. गल्ल्यावर बसणाऱ्याला हिशेब लगेच पटतो.

सिंकच्या तोंडाशी काढता येणाऱ्या जाळ्या आल्या, कारण रवा आणि चोथा तळाशी बसून टाकी भरतो. पन्हळीचे पाणी चेंबरमधून तोडले. शौचालयाची सेप्टिक टाकी वेगळ्या, विहिरीपासून लांबच्या कोपऱ्यात खणलेल्या सोकपिटाला जोडली, स्वयंपाकघराचे पाणी दुसऱ्याला. काकींची विहीर उपसून, क्लोरीन घालून, पुन्हा तपासून दिली. तो खर्च भावांनी उचलला आणि त्यावर फार चर्चा झाली नाही.

मोजायचे काम दर सोमवारी सकाळी, सिंक सुरू व्हायच्या आधी, पाणी स्थिर असताना. टाकीत पाण्याची उंची ८० सेंटिमीटर, म्हणून खुणेची काठी २० वर लाल रंगवली. वरचा थर आणि खालचा थर, दोन आकडे, बेरीज. ती २० ला पोचायच्या आधी टँकर. पहिल्या हंगामात नाताळच्या आसपास बारा-तेरा दिवसांतच टाकी भरत आली. जून-जुलैत, ३१ जुलैपर्यंतच्या मासेमारी बंदीत, ग्राहक कमी आणि तळणही कमी, तेव्हा महिन्यावर गेली. श्रावणात त्याहूनही सावकाश. एक तारखेचा नियम दोन्ही वेळा चुकीचा ठरला असता.

भिंतीवरचा तक्ता आधी मराठीत होता. भांडी घासणारे दोघे ओडिशाचे. त्यांना तो कधीच वाचता आला नसता. नवा तक्ता चित्रांचा आणि हिंदीचा. या उद्योगात नियम ज्याच्यासाठी लिहितात त्याच्या भाषेत क्वचितच लिहितात.

उपसलेले कुठे जाते

पूर्वी ट्रॅपमधली साय काळ्या पिशवीत भरून रात्री कुठे ‘जात होती’ ते कोणी नीट सांगेना, मीही फार खोदले नाही. आता परवानाधारक टँकर येतो आणि पैसे दिले जातात ते माल प्रक्रिया केंद्रावर उतरवल्याची पावती दाखवल्यावर. पावतीशिवाय उपसा म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या शेतात टाकायला पैसे देणे.

तळणीचे वापरलेले तेल ही वेगळी गोष्ट आणि ती ट्रॅपच्या मालात मिसळायची नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल पुन्हा वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवावी लागते. या हॉटेलचा वापर त्याखाली आहे. तरी वहिनींनी डबा ठेवला आहे, जैवइंधनासाठी तेल गोळा करणारा नोंदणीकृत माणूस तो घेऊन जातो. आधी हेच तेल आठवड्याच्या शेवटी सिंकमध्ये जायचे.

नवी टाकी बसल्यावर पहिल्याच उपशाला टँकरचा मुलगा झाकणातून आत पाय टाकायला निघाला होता, कोपऱ्यातला गाळ खरवडायला. वहिनींनीच त्याला ओरडून थांबवले. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाक तो वास ओळखेनासे होते आणि माणूस कोसळतो. गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये असावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. ट्रॅपची टाकी कायद्याच्या कुठल्या शब्दात बसते यावर वकील वाद घालोत, वायू तोच आहे. खरवडायचे ते बाहेरून, लांब दांड्याने.

सध्याची स्थिती

सुधारित संमती आली, नोटीस निकाली निघाली. दुसऱ्या हंगामात दुपारी घेतलेले नमुने मर्यादेत आले, एक सोडून. त्या आठवड्यात एका लग्नाची बाहेरची ऑर्डर होती आणि मोठी पातेली पुसल्याशिवाय सिंकमध्ये गेली होती. सोमवारच्या तक्त्यात नाताळ ते नववर्षाच्या दोन नोंदी नाहीत. विचारल्यावर “गर्दी होती” असे उत्तर आले. ट्रॅप सर्वांत वेगाने भरतो तो त्याच दोन आठवड्यांत, म्हणून मोजणीचे काम आता भांडेवाल्याकडून काढून वहिनींच्या हाताखालच्या आचाऱ्याकडे दिले आहे.

धाकट्याला वरच्या गच्चीवर आणखी २४ खुर्च्या टाकायच्या आहेत. तसे केले तर गर्दीच्या तासाचे पाणी २,१०० लिटरवर जाते आणि चौथाई भरलेल्या टाकीत ते २१ मिनिटेच थांबते. गच्चीचा आराखडा वास्तुविशारदाकडून आला आहे. त्यात बार आहे, मोठे भांडीघर आहे, टाकी जुनीच आहे. आराखडा मंडळाकडे देण्याआधी दुसऱ्या टाकीची जागा त्यावर दाखवावी, असे लिहून तो मी परत पाठवला आहे.